वज्रेश्वरीचं गरम पाणी आणि खोल बोअरची वीज

पाचूबंदरहून बोलतोय. मागे बोटींची फटफट ऐकू आली तर सांभाळून घ्या.

लहानपणी आम्ही वज्रेश्वरीला जायचो. आधी देवीचं दर्शन, मग अकलोलीच्या गरम कुंडात पाय. 1739 मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडायला हे देऊळ बांधलं, असं घरचे सांगायचे. पण पाणी तापवतं कोण? मला वाटायचं, खाली ज्वालामुखी असणार. तसं काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. साधारणपणे दर किलोमीटरला तापमान 25 ते 30 अंश वाढतं.

मग आणखी खोल जाऊन वीज का नाही करायची? उष्णता आहेच, अडचण भेगांची आहे. खोलातला खडक घट्ट असतो, त्यातून पाणी फिरत नाही. म्हणून दाबाने पाणी सोडून भेगा उघडतात. एका बोअरमधून थंड पाणी खाली, दुसऱ्यातून गरम पाणी वर आणि त्यावर टर्बाइन.

सरळ उभी बोअर थोड्याच गरम खडकाला लागते. आता बोअर खाली नेऊन आडवी वळवतात. 2023 मध्ये अमेरिकेत नेवाडात फर्वो कंपनीने अशा आडव्या जोडबोअरची 30 दिवस चाचणी घेतली. सेकंदाला 63 लिटरपर्यंत पाणी फिरलं आणि 3.5 मेगावॅट विजेपुरती उष्णता मिळाली.

आता धोक्याचं ऐका. दाबाच्या पाण्याने खडकातला जुना ताण सुटू शकतो. दक्षिण कोरियात पोहांगला 2017 मध्ये 5.4 तीव्रतेचा भूकंप झाला; सरकारी चौकशीत त्याचा संबंध अशाच प्रकल्पाशी लागला. आपल्या पालघर जिल्ह्यात तर डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका लागली होती, तीही अशी कुठलीच बोअर नसताना. म्हणजे इथली जमीन आधीच ताणात आहे.

यावर उपाय आहेत. आधी भूकंपमापक बसवायचे, पाणी हळूहळू सोडायचं, धक्के वाढले की थांबायचं. किंवा पाणी बंद पाइपमध्येच फिरवायचं; खडक फोडावा लागत नाही, पण उष्णता कमी मिळते.

वारा बघितल्याशिवाय आपण होडी सोडत नाही. उद्या कुणी इथे खोल बोअर मारायला आलं, तर वीज किती हे नंतर विचारा. आधी विचारा: दाब किती, मापक कुठे आणि थांबा म्हणणार कोण?