फड्या निवडुंगाचा धंदा : तेलाच्या मशीनआधी हे गणित मांडा!



निवडुंगाच्या बियांचं तेल सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात खूप महाग विकलं जातं. हे ऐकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, मशीन कुठे मिळेल?" जरा थांबा. भांडवल तुमचं आहे, ते अडकायला नको. आधी या झाडापासून काय निघतं, किती निघतं आणि ते कोण घेणार, हे बघू.

आधी झाड ओळखा

आपल्याकडे बऱ्याच झाडांना निवडुंग म्हणतात. आपण बोलतोय ते फड्याबद्दल. नागाच्या फण्यासारखे चपटे फडे आणि त्यावर लालसर बोंडं. तीनधारी निवडुंग आणि शेर ही झाडं वेगळी. ती मोडली की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्याला घातक असतो. चीक दिसला की ते आपलं झाड नाही!

कमाई 1 : चारा आणि बेणं

बिनकाट्यांच्या फड्या निवडुंगावर जोधपूरच्या 'काझरी' संस्थेत आणि आपल्या पुणे जिल्ह्यात उरुळी कांचनला 'बाएफ'मध्ये चाऱ्यासाठी काम झालेलं आहे. लागवड सोपी आहे. फडा कापायचा, आठ-दहा दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यायची आणि निम्मा जमिनीत रोवायचा. हलकी, मुरमाड जमीन चालते, पण पाणी साचणारी नको.

आता गणित. फड्यात साधारण 90 टक्के पाणी असतं. म्हणजे 10 किलो फड्यांतून जनावराच्या पोटात कोरडा चारा जातो जेमतेम 1 किलो. त्यात प्रथिनंही कमी. म्हणून नुसते फडे घालू नका, शेण पातळ होतं. तुकडे करून कडब्यात मिसळा, पेंड चालू ठेवा. पण माण, जत, आष्टी अशा भागांत उन्हाळ्यात जनावराला चाऱ्याइतकीच पाण्याचीही चणचण असते. तिथे हे पाणीच कामाला येतं.

यातला धंद्याचा मुद्दा लक्षात घ्या. फडे ट्रकमध्ये भरून लांब नेणं म्हणजे पाणी वाहून नेणं. त्यामुळे मोठा व्यापारी लांबून येऊन तुमच्याशी स्पर्धा करणं अवघड. गिऱ्हाईक तुमच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्येच आहे : शेळीपालक, गोठेवाले आणि लागवडीला बेणं हवं असलेले शेतकरी.

कमाई 2 : बोंडांचं सरबत

कच्छ-सौराष्ट्रात या बोंडांना 'फिंडला' म्हणतात आणि त्याचा रस विकला जातो. रंग असा गडद की वेगळा रंग घालायची गरज नाही. अडचण एकच, बोंडांवरची बारीक कुसळं. बोंडं चिमट्याने तोडा, कुसळं जाळून किंवा घासून काढा आणि रस कापडातून नीट गाळा. एक कुसळ ग्राहकाच्या घशात गेलं, तर तो परत येणार नाही. एफएसएसएआयची नोंदणी आधी करा. आणि बाटलीवर "मधुमेह बरा होतो", "रक्त वाढतं" असलं काही छापू नका, असे दावे कायद्यात बसत नाहीत.

कमाई 3 : तेल, पण शेवटी

मोरोक्को, ट्युनिशियात हा उद्योग आहे. पण 1 टन बोंडांतून बिया साधारण 30 किलो धरा आणि त्यांत तेल 5 ते 10 टक्के. म्हणजे हातात येणार दीड ते तीन लिटर, तेही बियांतलं सगळं तेल निघालं तर! मग उरलेल्या गराचं काय करणार? म्हणून तेल हा सरबताचा जोडधंदा आहे. आधी सरबत चालू द्या, बिया वाळवून साठवा.

एक धोका

फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि चिरडल्यावर लाल रंग आला, तर तो कोचिनील किडा. रानटी निवडुंग आटोक्यात आणायला भारतात तो 1926 मध्ये मुद्दाम सोडला होता. मोरोक्कोत 2014 पासून याच किड्याने निवडुंगाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. बेणं घेताना प्रत्येक फडा उलटसुलट करून बघा.

या आठवड्याचा गृहपाठ

गावातल्या पाच पशुपालकांना भेटा. उन्हाळ्यात चारा किती विकत घेता, कितीला पडतो, हे वहीत लिहा. पाचपैकी तिघांनी "आधी थोडा देऊन बघा" म्हटलं, तर बांधाला 50 फडे लावून सुरुवात करा. गिऱ्हाईक आधी, मशीन नंतर!

तुमच्या वहीतले आकडे कमेंटमध्ये जरूर लिहा, हिशेब मिळून मांडू.