उद्योगसमूहांचे साहस-भांडवल आणि आरोग्याचे तंत्रज्ञान : काही समजुती व वस्तुस्थिती

सातपूर आणि अंबड या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत बॉश, एबीबी, सीमेन्स, ग्लॅक्सोस्मिथक्लाइन अशी जगद्विख्यात नावे फाटकांवर वाचावयास मिळतात, आणि या घराण्यांनी नवोदित तंत्रज्ञान-कंपन्यांत भांडवल गुंतविण्यासाठी स्वतंत्र शाखा काढल्याचे ज्याच्या कानी आलेले असते, असा इथला तरुण अभियंता अथवा डॉक्टर सहजच धरून चालतो की, रुग्णसेवेसाठी आपण रचलेले एखादे साधन घेऊन या फाटकातून आत गेले की भांडवलाचाही मार्ग मोकळा होईल. प्रत्यक्षात कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे उत्पादनाची मुखत्यारी असते, गुंतवणुकीची नसते. सीमेन्सने २०१६ मध्ये पाच वर्षांत एक अब्ज युरो गुंतविण्याच्या संकल्पाने ‘नेक्स्ट४७’ ही शाखा स्थापन केली. तिचे निर्णय तिचे स्वतःचे अधिकारी घेतात, अंबडचा कारखाना नव्हे.

मोठ्या घराण्याचा पैसा एकदा आला की तो कायमचा, ही समजूतही तितकीच निराधार आहे. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनची ‘एसआर वन’ ही १९८५ पासून चालत आलेली गुंतवणूक-शाखा २०२० मध्ये पन्नास कोटी डॉलरांचा निधी उभारून स्वतंत्र झाली. मातृसंस्थेचे धोरण पालटले, नवा मुख्याधिकारी आला, किंवा ताळेबंदात तूट दिसू लागली की अशा शाखांचे भवितव्य बदलते, आणि ज्या लहान कंपनीने पुढील हप्त्याचा हिशेब त्यांच्याच भरवशावर मांडलेला असतो तिची स्थिती बिकट होते.

नाशिकमध्ये सर्वाधिक घोटाळा मात्र निराळ्याच ठिकाणी होतो, आणि तो थोडा सविस्तर पाहणे अगत्याचे आहे. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन एकोणचाळीस भाविक मृत्युमुखी पडले होते. त्या स्मृतीच्या छायेत २०१५ चा सिंहस्थ जवळ येत असता मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या प्रेरणेने ‘कुंभथॉन’ नावाचा उपक्रम येथे उभा राहिला. दाब ओळखणारे संवेदक बसविलेली एक चटई वाटेवर अंथरावयाची, तीवरून पडणारी पावले मोजावयाची, आणि कोठे किती माणसे एकवटत आहेत हे बंदोबस्तावरील अधिकाऱ्यांना वेळीच कळवावयाचे, अशी एक युक्ती नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने त्या मेळ्यात प्रत्यक्ष वापरून दाखविली. या चळवळीच्या पाठोपाठ टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रतिष्ठानाने ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे नवोन्मेष-केंद्र नाशकात चालविले, आणि तेव्हापासून ‘टीसीएसने आमच्यात पैसे गुंतविले’ हे वाक्य शहरात सर्रास ऐकू येऊ लागले.

हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने चुकीचे आहे, कारण प्रतिष्ठानाचा तो पैसा सामाजिक दायित्वाचा होता, गुंतवणुकीचा नव्हे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक दायित्वाच्या कामी खर्च करावे लागतात. त्या खर्चातून काही शिल्लक उरली तरी ती कंपनीच्या नफ्यात धरता येत नाही. साहस-भांडवलाची गोष्ट सर्वस्वी वेगळी. तेथे कंपनी आपल्या तिजोरीतून, कलम १८६ च्या मर्यादा पाळून, अथवा सेबीच्या २०१२ च्या नियमांखाली नोंदलेल्या निधीमार्फत दुसऱ्या कंपनीचे समभाग विकत घेते आणि त्या समभागांची किंमत वाढावी अशी उघड अपेक्षा ठेवते. पहिल्या प्रकारात साहाय्य मिळते. दुसऱ्यात मालकीचा एक हिस्सा हातून जातो. दोन्ही मार्ग सन्मान्य आहेत, परंतु ज्याला साहाय्य मिळाले आहे त्याने आपले मूल्यांकन झाले असे मानू नये, आणि ज्याने हिस्सा दिला आहे त्याने आपणांस देणगी मिळाली असे मानू नये.

उलट बाजूने, हिस्सा दिला म्हणजे कंपनीच गेली, अशी भीतीही घातली जाते. रिलायन्सने ऑगस्ट २०२० मध्ये ६२० कोटी रुपयांस नेटमेड्सच्या मूळ कंपनीचा सुमारे साठ टक्के हिस्सा घेतला, टाटा डिजिटलने २०२१ मध्ये वन-एमजीचा बहुमताचा हिस्सा घेतला. हे व्यवहार ताबा घेण्याचे होते. साहस-भांडवलात हिस्सा बहुधा अल्पमताचा असतो. याचे उत्तम उदाहरण मुंबईचेच आहे. २०१६ मध्ये फ्रॅक्टल या कंपनीच्या आश्रयाने जन्मलेली क्युअर डॉट एआय ही संस्था छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयाची शंका क्षणार्धात नोंदविणारी संगणकप्रणाली तयार करते. तिच्यात २०२० मध्ये अमेरिकन विमाकंपनी मासम्युच्युअलच्या गुंतवणूक-शाखेने, आणि २०२४ च्या साडेसहा कोटी डॉलरांच्या फेरीत मर्क या औषधकंपनीच्या आरोग्य-नवोन्मेष निधीने भाग घेतला. तरी कंपनी विमेवाल्यांचीही झाली नाही, औषधवाल्यांचीही नाही. २०२२ मध्ये नोव्हो होल्डिंग्जचे भांडवल आले तेव्हा ‘इन्शुलिन बनविणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कने पैसे घातले’ असे समजणे सोपे होते. वास्तविक नोव्हो होल्डिंग्ज ही त्या औषधकंपनीवर नियंत्रण असलेल्या प्रतिष्ठानाची मालमत्ता सांभाळणारी संस्था आहे. शिवाय अॅस्ट्राझेनेकाशी क्युअरचा फुप्फुसाच्या कर्करोगासंबंधी सहकार्याचा करार आहे. सहकार्य करणे आणि भागधारक होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.

मोठ्या नावाचा पैसा आला म्हणजे साधन वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झाले, ही समजूत माझ्या मते सर्वांत घातक आहे, कारण तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते. क्षयाच्या चाळणी-तपासणीसाठी पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींची क्ष-किरण चित्रे मानवी वाचकाऐवजी संगणकाने वाचली तरी चालतील, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली, ती अनेक ठिकाणच्या चाचण्यांचा पुरावा तपासून. भागधारकांची यादी पाहून नव्हे. ज्या शहरात १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे ठाणे आहे, त्या शहरातील नवोन्मेषकांनी भांडवलदाराच्या दारी जाण्यापूर्वी वैद्यकीय महाविद्यालयांच्या दारी जावे, हे मला अधिक श्रेयस्कर वाटते.

गुंतवणूकदाराला रुग्णांची माहिती आपोआप मिळते, हेही खरे नाही. समभाग घेतल्याने दप्तर उघडत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीवाचून अशी माहिती वापरण्यास वाव फार थोडा ठेवला आहे.

मग उद्योगसमूह पैसे घालतो कशासाठी? निव्वळ नफ्यासाठी घालणारे अनेक निधी आहेत. उद्योगसमूहाला त्यापलीकडे आपल्या धंद्याला पुढे काय उपयोगी पडेल याचा सुगावा हवा असतो. दिंडोरी-निफाडकडे बागेला आगाऊ रक्कम देणाऱ्या व्यापाऱ्याला जसा माल प्रथम आपल्याकडे यावा असे वाटते, तसेच हे आहे, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ही अपेक्षा करारनाम्याच्या कलमांतून बोलते. कंपनी विकावयाची झाल्यास प्रथम आम्हांस विचारावे, आमच्या प्रतिस्पर्ध्याला हे साधन देऊ नये, संचालक मंडळाच्या बैठकीस आमचा निरीक्षक बसू द्यावा, अशी ती कलमे असतात. यांतील दुसऱ्या कलमाने रुग्णालयांना विकावयाच्या साधनाची अर्धी बाजारपेठ बंद होऊ शकते, तर पहिल्या कलमामुळे इतर खरेदीदार बोली लावण्यासच कचरतात. म्हणून रकमेचा आकडा ठरविण्याआधी या दोन कलमांची मुदत आणि व्याप्ती वकिलाकडून लेखी बांधून घ्यावी लागते.