घाट न ओलांडता

१८७५ सालची गोष्ट. दापोलीजवळच्या मुरूड गावातील काही मुले परीक्षेसाठी म्हणून पायी निघाली आणि भर पावसात सह्याद्री चढून साताऱ्यास पोहोचली. शंभराहून अधिक मैलांची ती चाल! त्यांतल्या एका सतरा वर्षांच्या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहून परीक्षकांनी ठरविले, की याचे वय भरलेले दिसत नाही. त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे महर्षी आणि १९५८ साली भारतरत्न झालेले आपले अण्णासाहेब.

ही हकीकत आपण मुलांना चिकाटीचा धडा म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. एका साध्या परीक्षेसाठी कोकणातल्या मुलाला एवढे चालावे का लागले? अण्णासाहेबांचे पाय खंबीर होते म्हणून ते पुढे गेले. ज्यांचे पाय तेवढे खंबीर नव्हते, किंवा ज्यांना उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्याचीच मुभा नव्हती, त्यांचे काय झाले असेल?

रत्नागिरी ही रत्नांची खाण, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण खाणीतले रत्न खाणीत चमकत नाही, तसेच इथेही झाले. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक दहाव्या वर्षी पुण्यास गेले. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसन महाविद्यालयातून केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनिअर रँग्लर झाले. पालगडचे साने गुरुजी दापोली सोडून आधी औंधला आणि मग पुण्यास गेले. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचे कार्यक्षेत्रही मुंबई हेच झाले. जो शिकला तो गेला, हा जणू या जिल्ह्याचा नियमच होता.

जूनमध्ये बंद होणारी वाट

रत्नागिरीला विद्येचे वावडे मुळीच नव्हते. इथले नगर वाचनालय १८२८ सालचे, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक. शाळाही नावाजलेल्या. परंतु मॅट्रिक झाले, की गावातली वाट संपे. पुढे तीनच दिशा. बोटीने मुंबई, आंबा घाटाने कोल्हापूर, नाहीतर पुणे.

त्यात निसर्गाने एक गंमत करून ठेवली होती. महाविद्यालये उघडत जूनमध्ये, आणि त्याच सुमारास पावसाळ्यामुळे किनाऱ्यावरची बोटवाहतूक बंद होई. तेव्हा जायचे तर मे महिन्यातच, फणस-आंबे घरात असताना. निकाल लागला, की आठ-पंधरा दिवसांत ट्रंक भरायची, मुंबईत कोणी आतेभाऊ किंवा मामा आहे का याचा शोध घ्यायचा आणि त्याच्या खोलीत आधीच असलेल्या आठ माणसांत नववा म्हणून दाखल व्हायचे. ज्याला मामा नव्हता, त्याने वार लावून जेवायचे.

हे सगळे मुलांचे झाले. मुलींच्या बाबतीत असा शोध क्वचितच कोणी घेई. मुलगी हुशार आहे, हे घरात सर्वांना ठाऊक असे. पण तिला परक्या शहरात ठेवायची कोणाकडे, या एका प्रश्नापुढे तिच्या हुशारीचा विषय संपून जाई. आपल्यापैकी अनेकांच्या आजीच्या पेटीत कापडात गुंडाळलेले शाळेतले एखादे बक्षीस असते. पुढची बक्षिसे का नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच, की तिथून पुढे बोट लागत होती.

अशा स्थितीत १९४५ साली रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीने गावातच महाविद्यालय सुरू केले. तेच आज रा. प. गोगटे कला व विज्ञान आणि रा. वि. जोगळेकर वाणिज्य महाविद्यालय या लांबलचक नावाने, आणि बोलण्यात नुसते ‘गोगटे-जोगळेकर’ म्हणून ओळखले जाते. सावंतवाडी, महाड, चिपळूण या गावांत महाविद्यालये निघाली ती पुढे साठीच्या दशकात. तोवर कोकणपट्टीतल्या मुलांना घाट न ओलांडता पदवीधर होण्याची वाट हीच होती.

शेवटची गाडी

या महाविद्यालयाचे जीवन पाहायचे असेल, तर फाटकातून आत शिरण्याआधी सकाळी एस. टी. स्थानकावर घटकाभर उभे राहावे. पावस, कोतवडे, जयगड, पाली, नाणीज अशा पाट्यांच्या गाड्या येतात आणि दप्तरे छातीशी धरलेली मुले-मुली खाली उतरतात. खिशात सवलतीचा पास, डब्यात भाकरी नाहीतर पोळी-भाजी, आणि पावसाळा असेल तर पायांत चिखलाने माखलेल्या चपला. कोणी दोन किलोमीटर पायवाट तुडवून फाट्यावर आलेले असते, कोणी तरीतून खाडी ओलांडून.

मुंबई-पुण्यातील महाविद्यालयाचा दिवस घड्याळावर चालतो. इथला दिवस एस. टी.च्या वेळापत्रकावर चालतो. वर्गातील शेवटचा तास असो, प्रयोगशाळेतील मोजमाप असो, की नाटकाची तालीम असो, शेवटच्या गाडीची वेळ झाली की निम्मे पात्रवर्ग रंगमंच सोडून स्थानकाकडे धावतो. दिग्दर्शक कितीही नामांकित असला तरी वाहकाच्या घंटीपुढे त्याचे काही चालत नाही! मग उरलेली तालीम दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता.

आणि तरीही ही मुले नाटक करतात. मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव हा या जीवनातला मोठा सण. एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य, लोकनृत्य, वक्तृत्व, रांगोळी अशा कितीतरी स्पर्धा. आधी दक्षिण रत्नागिरी विभागाची प्राथमिक फेरी आणि तीतून निवड झाली तर मुंबईत अंतिम फेरी. तिथे महानगरातल्या, नाट्यगृहांच्या शेजारी वाढलेल्या मुलांशी गाठ. पण कोकणच्या मुलाच्या अंगात नाटक उपजत असते. शिमग्यातले नमन-खेळे आणि गणपतीतली जाखडी पाहत जो वाढला, त्याला ठेका शिकवावा लागत नाही. शिकवावे लागते ते एवढेच, की समोर परीक्षक बसले असले तरी घाबरायचे नाही.

मैदानावरही तेच. खो-खोच्या खेळात रत्नागिरीच्या मुलींनी राज्याच्या संघापर्यंत मजल मारली आहे. या खेळाला ना महागडी बॅट लागते, ना गालिच्यासारखे हिरवे मैदान. दोन खांब, नऊ गडी आणि दम, बस्स! घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलीला नाव मिळविता येईल असा याहून चांगला खेळ कोणता?

सड्यावरची शाळा

लहान गावातील महाविद्यालय म्हणजे शहरातील महाविद्यालयाची धाकटी, थोडी फिकी नक्कल, असा आपला एक समज असतो. तो किती चुकीचा आहे, हे पाहायचे असेल तर रत्नागिरीच्या सड्यांवर चलावे.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार. पावसाळ्यात त्यावर रानफुलांचा गालिचा, उन्हाळ्यात नुसता तापलेला कातळ. याच कातळावर प्राचीन माणसाने कोरलेली चित्रे आहेत. उक्षीचा हत्ती, कशेळीचे प्रचंड चित्र, बारसू आणि देवाचे गोठणे येथील आकृती. गावकऱ्यांना त्यांतली काही ठाऊक होती. पांडवांनी एका रात्रीत केले, असे म्हणून ते पुढे जात. गेल्या काही वर्षांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या ध्यास घेतलेल्या माणसांनी सडेच्या सडे पालथे घालून या कातळशिल्पांची पद्धतशीर नोंद केली. त्यांच्या जोडीला होते गोगटे-जोगळेकरमधील भूगोलाचे प्राध्यापक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. भूगोलाचे पुस्तक कुठेही वाचता येते, पण हा भूगोल इथेच राहून शिकावा लागतो. ज्याच्या वर्गाच्या खिडकीतून सडा दिसतो, त्यालाच तो रोज चालता येतो.

राष्ट्रीय सेवा योजनेचे कामही याच मातीतले. ही योजना १९६९ साली देशभर सुरू झाली. तिच्यातील विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास सेवा करायची आणि सात दिवसांच्या निवासी शिबिरात एखाद्या खेड्यात राहायचे. कोकणात या शिबिरांना एक नेहमीचे काम असते, ते बंधाऱ्याचे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, कारण पाणी उतारावरून थेट समुद्राला मिळते. म्हणून पावसाळा संपला, की रिकाम्या पोत्यांत माती भरून ओहोळावर ती रचायची. हा झाला वनराई बंधारा. ना सिमेंट, ना ठेकेदार. चार दिवसांनी मागे पाणी तुंबते आणि पोते उचलून हाताला फोड आलेला मुलगा तिथे उगाचच तासभर बसून राहतो. या कामाची ढाल मिळत नाही. पण अर्थशास्त्राच्या पदवीधराला पाण्याचा हिशेब एवढा पक्का दुसरीकडे कुठे कळणार?

आणि त्याच आवारात संस्कृत विभागाची कालिदास व्याख्यानमालाही चालते. एका बाजूला पोते-फावडे, दुसऱ्या बाजूला कालिदास. उदार शिक्षण म्हणतात ते याहून निराळे काय असते?

शिकून जायचे कुठे?

इथवर सारे गोड झाले. पण दिवाळीच्या फराळात कडू कारीटही फोडावे लागते, तेव्हा तेही सांगितले पाहिजे.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लक्ष ९७ हजार होती. २०११ साली ती सुमारे १६ लक्ष १५ हजारांवर आली. सगळीकडे माणसे वाढत असताना इथे ती घटली! त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या १,१२२. याचा अर्थ उघड आहे. कर्ते पुरुष मुंबईला आणि घर सांभाळायला बायका. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. मुंबईहून कोकण जवळ आले, आणि कोकणातून मुंबईही तितकीच जवळ आली.

मग कोणी विचारील, की गावात महाविद्यालय काढून काय साधले? मुले पूर्वी मॅट्रिक होऊन जात, आता पदवी घेऊन जातात, एवढाच ना फरक?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पदवीनंतर गावात तिच्या तोलाची नोकरी नसेल, तर केवळ गावाच्या प्रेमाने कोणी राहत नाही आणि राहा म्हणण्याचा अधिकार मुंबईत स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांना तर मुळीच नाही. नोकऱ्या निर्माण करणे हे एकट्या महाविद्यालयाचे कामही नव्हे.

पण फरक आहे, आणि तो मोठा आहे. पूर्वी जाणे हीच शिकण्याची किंमत होती. जो जाऊ शकत नव्हता, तो शिकू शकत नव्हता. आता निदान शिकणे आधी आणि जाण्या-राहण्याचा निर्णय नंतर, असा क्रम लागला आहे. आजारी आई, एकट्या राहणाऱ्या आजोबा-आजी, दोन गुंठे कलमांची बाग, यांतले काही न सोडता एखादी मुलगी पदवीधर होते, आणि मग जायचे की राहायचे हे तिचे ती ठरविते. तिच्या आजीला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

महाविद्यालयाच्या कपाटात ढाली असतात, करंडक असतात. पाहुण्यांना ते दाखवावे, हे योग्यच. परंतु पाच वाजता स्थानकाकडे धावत सुटलेल्या मुलींच्या घोळक्याला कपाटात जागा नाही, आणि खरी कमाई मोजायची झाली तर तिथूनच मोजायला हवी.

गणपतीला किंवा शिमग्याला आपण गावी जातो. देवळे पाहतो, समुद्र पाहतो, आंब्याच्या पेट्यांचे भाव विचारून येतो. पुढच्या खेपेस महाविद्यालय उघडे असताना जाणे झाले, तर घटकाभर तिकडेही वळावे. आपल्या घराण्यातील एखादी मुलगी तालमीत भेटेल. फार वेळ मात्र थांबवून घेऊ नये. तिला गाडी गाठायची असते.