परकीय भाषा आणि महाविद्यालयीन प्रवेश

दहावीचा निकाल हाती पडला की अकरावीच्या अर्जातील भाषेच्या रकान्यापाशी जालना जिल्ह्यातील पालकांची लेखणी हमखास अडखळते. कारण पुण्या-मुंबईची मुले जर्मन वा फ्रेंच घेऊन गुणांची लयलूट करतात आणि त्याच बळावर नामांकित महाविद्यालये पटकावतात, अशी वदंता जालना शहरापासून अंबड-भोकरदनपर्यंत रूढ झाली आहे. तिचा पूर्वार्ध पुष्कळसा खरा. उत्तरार्ध जवळजवळ निराधार.

राज्यातील अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी सामाईक प्रवेश परीक्षेवर लागते, आणि बारावीचे जे किमान 45 टक्के खुल्या प्रवर्गास आवश्यक आहेत, तेही भौतिकशास्त्र, गणित व त्यांच्या जोडीच्या विषयाचे. वैद्यकीय शाखेत तर 'नीट'चाच अंमल. विज्ञानाच्या तीन विषयांखेरीज तेथे इंग्रजीत उत्तीर्ण होणे तेवढे बंधनकारक, जर्मनची विचारपूसही होत नाही. आयआयटी व एनआयटी यांच्या 75 टक्क्यांच्या अटीत मात्र पाच विषयांमध्ये एका भाषेचे गुण खरोखरच धरले जातात. परंतु ती भाषा परकीयच असावी, असा दंडक नाही.

बारावीपर्यंत जर्मन शिकले की जर्मनीत फुकट शिक्षण मिळते, हा समज अधिक महागात पडणारा. तेथील बहुतेक शासकीय विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत हे खरे असले, तरी बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य 2017 पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रतिसत्र 1500 युरो वसूल करते. शिवाय जर्मन माध्यमाच्या पदवीसाठी सामान्यतः सी-1 या प्रगत भाषापातळीच्या आसपासची पात्रता लागते, आणि कनिष्ठ महाविद्यालयातील दोन वर्षांचा अभ्यास प्राथमिक पायऱ्यांच्या फारसा पुढे जात नाही. केवळ आपल्या बारावीच्या दाखल्यावर बहुधा थेट प्रवेशही नसतो. आधी 'श्टुडिएनकोलेग' नावाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो.

उलटपक्षी, शाळेत परकीय भाषा नव्हती म्हणून ती पुढे शिकताच येणार नाही, ही भीतीही व्यर्थ आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जर्मन, फ्रेंच वा जपानीची पदवी मुळाक्षरांपासून आरंभ करता येते.

भाषा हीच प्रवेशाची किल्ली असण्याचा काळ या मुलखाने अनुभवला आहे. 1948 पर्यंत जालना निजामाच्या अमलाखाली होते, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे अध्यापन उर्दूतून चालत असल्यामुळे मराठी घरातील मुलास तेथे पाऊल ठेवण्यापूर्वी उर्दू आत्मसात करणे प्राप्तच होते. आज तशी सक्ती नाही. आहे ती केवळ ऐकीव माहितीची.

राहिली अमेरिका. तेथील अनेक विद्यापीठे शालेय वयातील दुसऱ्या भाषेला वजन देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ इंग्रजीखेरीज एका भाषेचा दोन वर्षांचा अभ्यास मागते; मात्र ज्याने सहावीपासून पुढे दोन वर्षे इंग्रजीतर माध्यमात शिक्षण घेतले, त्याची अट तेवढ्यानेच पुरी होते. परतूरच्या मराठी शाळेतून आठवी झालेल्या मुलीने ही अट फ्रेंचचे एक अक्षरही न गिरवता पूर्ण केलेली असते.