तेलकट अळी

पहाटे साडेपाच. चपला बाहेर, पाय चुन्यात, मग शेडचं दार. आमच्या कारंजा गावात थंडी सुरू झालीय. आत पारा २१ वर. पाचव्या अवस्थेतल्या रेशीम-अळीला २४-२५ अंश लागतात. हीटर लावला.

सहा. तुतीच्या फांद्या रॅकवर अंथरल्या. आयुष्यभराच्या पाल्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला अळी याच आठवड्यात खाते. या दिवसांत घरच्यांनी झुणका-भाकरीवर भागवायचं.

साडेआठ. आजारी अळ्या वेचायच्या. सासूबाईंनी एक पुढे केली. "व माय, हे तेलात बुडवल्यावानी काऊन दिसते?"

खरंच, कातडीतून पोटातला पाला हिरवागार दिसत होता. कोषावर आलेली अळी अशी पारदर्शक होते, पण कोषाला अजून तीन दिवस होते. ग्रासरी हा रोग म्हणावा तर सांधे सुजलेले नव्हते. पोटाच्या पायाला सुई टोचली. ग्रासरीत दुधासारखा थेंब येतो; हा स्वच्छ होता.

अळीचा पांढरा रंग मुळात युरिक आम्लाचा. कातडीच्या पेशी त्याचे कण साठवतात, म्हणून आतलं दिसत नाही. जनुकातल्या दोषाने ते साठवणं जमलं नाही, की अळी काचेसारखी. जपानीत तिला 'आबुराको' म्हणतात, म्हणजे तेलकट रेशीमकिडा. सासूबाई जपानला कधी गेलेल्या नाहीत.

पाठीवरच्या चंद्रकोरीही याच पेशींच्या. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की डब्ल्यूएनटी-१ हे जनुक ठिपक्याच्या जागीच जोरात चालतं. एका उत्परिवर्तित वाणात ते शरीराच्या जास्त खंडांवर चालतं आणि ठिपक्यांच्या जोड्या वाढतात. दुसऱ्या एका वाणात खुणांच्या जागी चक्क गाठी येतात. आणखी एक वाण 'दगडी' अळीचा: तिच्या कातडीवरच्या आवरणातलं एक प्रथिन सदोष असतं. अंग टणक लागतं, सांधे फुगतात. फुगवटा ग्रासरीतही असतो, पण त्या रोगट अळीची कातडी हात लागताच फाटते. नुसतं बघून अळी फेकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

दुपारी दोन. दुसरा पाला. हमरस्त्यावर संत्र्याचे ट्रक.

रात्री दहा. तिसरा पाला. आमची अळी आबुराकोच आहे, हे प्रयोगशाळेशिवाय सांगता येणार नाही, आणि शंकेची अळी रॅकवर परत ठेवायची नाही, हा नियम. ती वेगळ्या ट्रेमध्ये आहे. दुपारी दिलेल्या पानाच्या फक्त शिरा उरल्यात.