पाऊस कोणी कोरला?

आजचा विषय जिगसॉ पझल. सध्या मी १००० तुकड्यांचं एक लावतेय. चित्र जपानी आहे: लाकडी पूल, अचानक आलेली सर, छत्र्या सावरत निघालेली माणसं आणि खाली नदीत एकटा नावाडी. हिरोशिगेचं हे चित्र १८५७ सालचं. दृश्य एदोमधलं, म्हणजे आजच्या टोकियोमधलं. पुढे १८८७ मध्ये व्हॅन गॉगनं याचीच तैलरंगात नक्कल केली.

पूल आणि माणसं पटकन लागतात. छळतो तो पाऊस! जवळपास प्रत्येक तुकड्यावर त्याच बारीक तिरक्या रेषा. पण या रेषा आल्या कशा, हे कळलं की तुकडा हातात घेऊन आपण थांबतोच.

हे चित्र लाकडी ठशांनी छापलेलं आहे. हिरोशिगे पातळ कागदावर रेखाटन करायचा. कोरणारा कारागीर तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवायचा आणि कोरायचा. म्हणजे मूळ रेखाटन तिथंच संपलं! आणि रेष कोरायची म्हणजे रेष खोदायची नाही बरं का. रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं आणि रेष तेवढी उभी ठेवायची. आता पावसाची एकेक रेष आठवा. केसाएवढं लाकूड!

मग काम छापणाऱ्याचं. रंगांचे ठसे वेगवेगळे. एकच कागद एकेका ठशावर ठेवून मागून घासायचा. कागद जरासुद्धा सरकू नये म्हणून ठशावर दोन खुणा असायच्या, त्यांना ‘केंतो’ म्हणतात.

आणि वरचा काळा ढग? तो खाली येता येता विरत जातो. ही ‘बोकाशी’. ओल्या ठशावर छापणारा हातानं रंग पसरून फिका करत न्यायचा, तेही प्रत्येक प्रतीसाठी नव्यानं. म्हणून कुठल्याही दोन प्रती अगदी सारख्या नसतात.

चित्रावर सही मात्र हिरोशिगेची. अशा चित्रांवर प्रकाशकाचं नावही असतं, कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं क्वचितच. पझलच्या डब्यावर तर नाहीच. पण आपल्याला सगळ्यात जास्त अडवणारे तुकडे, पाऊस आणि आकाश, हे त्यांच्याच हातचे.

एक काम करा. दोन वेगवेगळ्या संग्रहालयांच्या साइटवर हे चित्र उघडा आणि वरचा काळा पट्टा ताडून बघा. फरक दिसला, की समजा छापणाऱ्याचा हात दिसला. भेटू पुढच्या भागात!