अळ्यांची रात्रपाळी

पहाटे साडेपाच. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातल्या संत्राबागेत पॅपिलिओ अँकिसियाडिस या फुलपाखराच्या अळ्यांची रात्रपाळी संपते. एकामागून एक त्या खाली उतरतात आणि बुंध्यावर एकमेकींना खेटून बसतात. करड्या-तपकिरी अंगावर पांढुरके डाग, त्यामुळे लांबून घोळका सालीचाच भाग वाटतो. दिवसभर हालचाल नाही. कोणी डिवचलंच, तर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो.

सकाळी दहा. ऊन तापलं की फुलपाखरं निघतात. स्वॅलोटेलच्या कुळातलं असूनही याला शेपटी नाही. पंख काळे, मागच्या पंखांवर माणकासारखे लाल ठिपके. हा वेष उसना आहे. ईश्वरीच्या वेलाच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढणारी पॅरिडिस फुलपाखरं विषारी असतात, पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्यासारखं दिसलं की काम भागतं. आपल्याकडच्या कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या हेच सोंग आणतात. १७८८ मध्ये एस्परने या जातीचं वर्णन केलं, पण सगळीकडे ती एकसारखी नाही. टेक्सासच्या दक्षिण टोकापासून पनामापर्यंत इडीअस ही उपजात, दक्षिण ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिनाकडे कॅपिस, त्रिनिदादला आणखी एक. कुठे पुढच्या पंखावर फिकट पट्टा ठळक, कुठे जवळजवळ नाहीच. एकच फुलपाखरू हातात धरून जात ओळखू पाहणाऱ्याची त्यामुळे हमखास फसगत होते.

दुपारी बारा. घाणेरीच्या फुलांवर मध. पितानाही पंखांची फडफड थांबत नाही. नर ओल्या वाळूवर क्षार शोषत बसतात.

दुपारी तीन. मादी झाडावर अंडी घालते, तीही एकगठ्ठा. आपल्या लिंबावरचं फुलपाखरू एकेक अंडं सुटं ठेवतं. इथे मात्र अख्खं बिऱ्हाड एकाच झाडावर. उपद्रवाचं मूळ इथेच आहे.

संध्याकाळी फुलपाखरं झाडीत विसावतात.

रात्री आठ. बुंध्यावरचा घोळका हलतो, पुन्हा शेंड्याकडे. लहान कलम असेल तर त्याची पानं भराभर संपतात. खरं तर संत्रं अमेरिकेत युरोपीयांनी आणलं. त्याआधी या अळ्या आपल्या तिरफळाच्या गोत्रातल्या रानझाडांवर पोसत होत्या. बाग आपण लावली, कीड त्यांना म्हणतो.

मोजकीच झाडं असतील, तर फवारणीचा पंप काढूच नये. दिवसा बुंध्यावरचा गठ्ठा हाताने काढता येतो.